शेठजींच्या पंगतीत कारल्याची खीर

एक वृद्ध आचार्य संगणकविद्या शिकवीत असत. पहिला संगणक त्यांच्या देखत रांगू लागला, असे त्यांचे शिष्य सांगत, आणि तेही कमीच सांगत. त्यांच्या पट्टशिष्याने एक संकेतस्थळ रचले. लग्नघरची मंडळी, कुणी गावात तर कुणी सातासमुद्रापार, तिथे मिळून कार्याचा बेत आखीत. प्रत्येक घराला स्वतंत्र पान. परवलीचा शब्द सांगून आत यायचे. एका व्यापाऱ्याने लेकीचे लग्न त्यावरच योजले. ते निभावले तर सारी पेठ शिष्याकडे येणार होती. फसले तर त्याला कुणी दारात उभे करणार नव्हते.

लग्न तोंडावर आले आणि व्यापारी धापा टाकीत शिष्याकडे आला. "अहो पंडित, बासुंदी खोडून कारल्याची खीर कुणी लिहिली? आचारी कारल्यांची पोती घेऊन आलाय! व्याह्यांना तोंड कसं दाखवू?"

शिष्याने शोध घेतला आणि चक्रावला. बदल साक्षात आचार्यांच्या नावावर होता! भाचीच्या लग्नासाठी ते रीतसर सभासद झाले होते.

"गुरुजी, शेठजींचा परवलीचा शब्द तुम्हाला कुणी दिला?"

"छे रे! माझाच वापरला. माझ्या पानाच्या पत्त्यात शेवटी एक आकडा होता. तो बदलला, तर थेट शेठजींच्या मुदपाकखान्यात. कुणी हटकलंसुद्धा नाही."

ओशाळून शिष्याने परक्यांच्या पानावरचे 'बदल करा' हे बटणच दिसेनासे केले. सायंकाळी व्यापाऱ्याचा फोन आला. "आता मसालेभातही कडू झाला हो!"

"गुरुजी, बटण तर झाकलं होतं!"

"बटण झाकलंस, वाट उघडीच. बटण दाबल्यावर सर्व्हरला जो निरोप जातो, तो मी हाताने लिहून धाडला. त्याने निमूट ऐकला." आचार्य मिशीत हसले. "मांडवाच्या दारात गुलाबपाणी शिंपडणारा सगळ्यांनाच या, बसा म्हणतो. पण कोठीवर कुणाला बसवतात?"

"खमक्या आत्याला."

"का? कारण ती नवरदेवाच्या मामालाही विचारते, साखर कुणाला हवी, कुणी सांगितलं? सकाळी दिली म्हणून दुपारी मुकाट देत नाही. उत्तर पटलं नाही, तर किल्ली कमरेलाच. बाळा, तू गुलाबपाणी शिंपडलंस, कोठी मात्र मोकळी सोडलीस."

शिष्य कामाला लागला. आता पान नुसते पाहायचे असो वा बदलायचे, सर्व्हर दर वेळी विचारू लागला : हा कोण, हे पान कुणाचे, या कृतीची याला मुभा आहे का? स्पष्ट होकार नसेल, तर नकार.

काम संपताच शिष्य उत्साहाने शेठजींच्या पानावर बासुंदी पुन्हा लिहायला गेला. उत्तर आले : 'हे पान आपले नाही.'

"अरे, मीच तुला घडवलंय!" तो पडद्यावर खेकसला. मग थांबला. आचार्यांकडे न पाहताच त्याने फोन उचलला.

"शेठजी, बासुंदी तेवढी तुम्हीच लिहा. मला आता तिथे हात लावता येत नाही."