काळ्या बैलाचा घास

एका राज्यात मका असा पिके, की उभ्या ताटांत हत्ती शिरला तर वरची अंबारी तेवढी दिसावी. राजा मेघवाहन त्या राज्याचा धनी. त्याची कोठारे डोंगराएवढी आणि मन कोठाराच्या दारासारखे, उघडे कमी अन् बंद जास्त. त्याची एकुलती कन्या वेणुमती. महालात तिचा जीव रमत नसे. दिवस उजाडला की ती गोठ्यात जाई, ढवळी गाईच्या गळ्याखालची पोळी खाजवी, वासराला आपला तळवा चाटू देई.

एका सुगीला अघोरकेतू नावाचा मांत्रिक राजवाड्यासमोर आला. त्याच्या हातातल्या दाव्याला काळा बैल होता. दुष्काळी मुलखातून चालून चालून त्याच्या बरगड्या वर आल्या होत्या.

"राजा, माझ्या बैलाला चार कणसे दे," मांत्रिक म्हणाला.

"मका हा माणसाच्या तोंडचा घास," राजा म्हणाला. "जनावराने रानात जावे."

सज्जातून वेणुमतीने हे ऐकले. ती धावत जिना उतरली, पण तोवर मांत्रिकाने मूठभर माती कोठारावर फेकली होती. "जो दाणा गुराच्या मुखी लागत नाही, तो कुणाच्याच मुखी लागणार नाही!" एवढे बोलून तो बैलासह निघून गेला.

त्याच क्षणी राज्यातला सगळा मका सोन्याचा झाला. ताटे, पाती, कणसे, कोठारातल्या राशी, सारे सोने. लोक आधी नाचले. मग चुली पेटल्या आणि तव्यावर टाकायला काही मिळेना. ते सोने देऊन परराज्यातून धान्य आणावे, तर वेस ओलांडताच सोन्याचा चिखल होई. माणसांनी कंदमुळे खाऊन दिवस ढकलले. गुरांचे हाल मात्र पाहवेनात. सोन्याची पाने चावून गाईंच्या जिभा रक्ताळल्या. ढवळीचे दूध आटले आणि एके दिवशी ती बसली ती उठेचना.

तेव्हा गव्हाणीच्या काठावर एक साळुंकी येऊन बसली व बोलू लागली.

"राजकन्ये, तो काळा बैल काळ्या डोंगरावर अजून उपाशी आहे. राजकुळातल्या हाताने पिकवलेला मका त्याने खावा, तो त्याला पचावा, की शाप सुटेल."

"पण बी कुठून आणू?"

"मुंग्यांकडे माग. त्यांनी शापाआधी दाणे भुईखाली नेले आहेत, तिथवर शाप पोचला नाही."

वेणुमती पित्याचा निरोप घ्यायला गेली. राजा म्हणाला, "रानोमाळ फिरणे राजकन्येला शोभत नाही."

"तात, दावणीला गाय मरते आहे. शोभेचे मग पाहू."

तिने नमस्कार केला आणि ती निघाली.

मुंग्यांचे वारूळ कोठाराच्या मागेच होते. त्यांची राणी म्हणाली, "तुझ्या पित्याने आमच्या दारावर भिंत बांधली. ती दूर कर, मग दाणे ने." वेणुमतीने पहार घेतली. नोकर मदतीला धावले, त्यांना तिने परत पाठवले. मागणे तिच्याकडे होते, दुसऱ्या कुणाकडे नव्हते. चिऱ्यामागून चिरा निघाला, हातांना फोड आले, फोड फुटले. भिंत सरली तेव्हा मुंग्यांनी तिच्या पदरात ओंजळभर दाणे आणून ठेवले.

साळुंकी वाट दाखवीत पुढे उडाली. काळ्या डोंगराच्या पायथ्याशी वेणुमतीने भुई उकरून दाणे पेरले. शेजारून नदी वाहत होती, पण भांडे बुडवावे तर पाणी बाजूला सरे.

"मला काही दिल्यावाचून मी काही देत नाही," नदी म्हणाली. "तुझी सावली दे."

वेणुमतीने क्षणभर पायांशी पडलेल्या सावलीकडे पाहिले. जन्मापासूनची सोबतीण ती. मग ती काठावर उभी राहिली आणि सावली पाण्यात सोडून दिली. ती तळाशी गेली ती गेलीच. त्या पाण्याने मका सकाळी उगवला, दुपारी तुऱ्याला आला आणि दिवस कलता कलता कणसे भरली.

कणसांचा भारा घेऊन ती वर चढली. डोंगरमाथ्यावर काळा बैल उभा होता. हाडांवर नुसते कातडे. मक्याचा वास येताच त्याने असा हंबरडा फोडला, की दगड घरंगळले. अघोरकेतू गुहेतून बाहेर आला.

"सगळी रास त्याच्यापुढे ओत," तो म्हणाला. "तुझ्या गाई मरताहेत. उशीर का करतेस?"

वेणुमतीचे हात राशीकडे गेले. डोळ्यांपुढे ढवळी आली. पण उपासाने आक्रसलेले पोट तिने गोठ्यात पाहिले होते. भुकेला बैल एकदाच धान्यावर सुटला, की पोट फुगून आडवा पडतो.

"नाही," ती म्हणाली. "हा बैल काही शापाची किल्ली नव्हे. याला जगायचे आहे."

तिने दोन दगडांत मका भरडला. सुके गवत कापून आणले. गवतात चिमूटभर भरडा मिसळून तिने पहिला घास भरवला आणि रास आणि बैल यांच्यामध्ये स्वतः उभी राहिली. बैलाने शिंगे रोखली, तिचा खांदा फाटला, तरी ती हटली नाही. दुसऱ्या दिवशी मूठभर, पुढे ओंजळभर. मांत्रिक रोज हिणवी, "तुझी ढवळी आज मेली असेल." ती रोज रडे, आणि रोज ठरल्याएवढेच घाली.

एका सकाळी बैल खाऊन सावकाश खाली बसला. त्याने डोळे मिटले आणि तो रवंथ करू लागला. तो संथ आवाज ऐकून मांत्रिक मटकन दगडावर बसला.

"माझा राग जिवंत राहावा म्हणून मी याला उपाशी ठेवला," तो म्हणाला. "राजकन्ये, तू माझ्याहून मोठी आहेस."

त्याने बैलाच्या गळ्यातले दावे सोडले. त्या घटकेला राज्यातल्या साऱ्या सोन्याचा पुन्हा खरा मका झाला. शेते सळसळली, चुलींतून धूर निघाला.

वेणुमती परतली. राज्यातली पुष्कळ गुरे वाचली होती. ढवळी वाचली नव्हती. रिकाम्या दावणीपाशी वेणुमती बराच वेळ बसली. मग उठून तिने जाते ओढले आणि भरडा काढायला घेतला.

नगरात दवंडी फिरली, की यापुढे सुगीचा पहिला वाटा गोठ्याचा. कोठारांची दारे काढून टाकली गेली. आणि कधी नव्हे तो राजा मेघवाहन गोठ्यात आला. त्याने टोपली भरून दाणे आणले होते. ढवळीचे वासरू काडीसारख्या पायांवर उभे होते. राजा त्याच्यापुढे वाकला आणि त्याने लेकीकडे पाहिले.

"किती घालू?"

"थोडेच, तात. तेवढे पचेपर्यंत थांबावे."

राजाने तळहात पुढे केला. वासराने खरखरीत जिभेने दाणे टिपले. मग राज्याचा धनी शेणामातीत मांडी घालून बसला, आणि वासरू पुढच्या घासासाठी पुन्हा मान उचलेपर्यंत थांबला.