तळाची चार बोटं

एका खडकाळ डोंगराच्या उतारावर, जिथे शहाणा माणूस साधं कुळीथही पेरणार नाही, तिथे एक म्हातारी अस्वलीण राहायची. तिच्याकडे द्राक्षाच्या सात वेली होत्या. अस्वलाकडे द्राक्षं कुठून आली, असं मध्येच विचारू नका. तिच्या आजीने लावली होती, आणि आजीला कोणी दिली ते आजीलाच ठाऊक. खोडं अशी गाठाळ, की म्हाताऱ्याचे गुडघे बरे. एका वेलीला दहा-बारा घड लागायचे. मणी बारीक, साल जाड. पण एक मणी तोंडात टाकला की सगळी दुपार गोड जायची.

म्हातारी वेलींना पाणी घालायची नाही. खालचं गवत उपटायची नाही. भेकरांच्या लेंड्या गोळा करून बुंध्याशी पसरायची, किडे रानकोंबडा टिपायचा, चैत्रात ती छाटणी करायची. संपलं. फाल्गुनात घड उतरले की ते पायांनी तुडवायची आणि रस जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेल्या रांजणात ओतायची. रस आतल्या आत आंबायचा, बुडबुडायचा, मग निवायचा. पुढच्या माघाच्या थंडीत झाकण निघालं की रानातलं एकेक जनावर पळसाच्या पानाचा द्रोण घेऊन हजर. एकाला एक द्रोण. दुसरा मागितला तर पंजा मिळायचा. आणि तळाला चार बोटं आसव उरलं की म्हातारी झाकण लावून टाकायची. म्हणायची, "हे विरजण. यावरच पुढचा रस चढतो. आजीच्या आधीपासून हा तळ कोरडा झालेला नाही."

एका वर्षी तिथे एक वानर आला. खालच्या मळ्यांत दोन हंगाम चोऱ्या करून त्याला अक्कल आली होती, निदान त्याला तसं वाटत होतं.

"मावशी, वेलीला बाराच घड?" तो म्हणाला. "खाली पन्नास-पन्नास लोंबतात. मी स्वतः खाल्लेत."

"मग ते सोडून इथे का आलास?"

"कुत्री पाळलीत त्यांनी. ते सोड. तुझ्या वेली तहानेने मरताहेत. पलीकडे एवढा ओढा वाहतोय, आणि तू त्यांना थेंब देत नाहीस!"

"तहान लागली की त्या खाली जातात."

"खाली खडक आहे!"

"खडकाला भेगा असतात, बाळा."

वानर हसला. आता रानडुक्कर मध्ये पडलं. त्याला गेल्या माघातला पंजा आठवत होता. "मावशी, एक द्रोण जास्त मागितला तर काय गुन्हा झाला? घड वाढले तर सगळ्यांना दोन मिळतील."

"तुझं तोंड रांजणाहून मोठं आहे," म्हातारी म्हणाली. पण भेकरालाही दोन हवे होते, साळिंदरालाही दोन हवे होते. ती एकटी, हे सगळे. कोणी ऐकेना. तेव्हा ती उठली आणि सगळ्यांत जुन्या वेलीला पाठ टेकून बसली. "ही नाही. हिला हात लावायचा असेल तर आधी मला उचला."

अस्वलाला कोण उचलतो? सातवी राहिली. सहा वानराच्या हाती गेल्या.

डुकराने ओढ्यापासून पाट खणायला घेतला. बुंध्यांजवळ आलं तर दोरखंडासारखी जाड मुळं आडवी येऊ लागली.

"तोडू का?" डुकराने विचारलं.

"तोड," वानर म्हणाला. "पाणी दाराशी आल्यावर खाली जायचंय कशाला?"

तुटली. गवत गेलं, पाट वाहू लागला, आणि फाल्गुनात सहा वेली घडांनी वाकल्या. मणी बोराएवढे! म्हातारीच्या वेलीला नऊ घड. डुक्कर इतकं हसलं की चिखलात लोळलं. तसं ते एरवीही लोळतंच म्हणा. वानराने एक मणी म्हातारीच्या हातावर ठेवला. तिने तो चावला, गिळला आणि म्हणाली, "पाणी चांगलं आहे."

तरी तिने ते घड तुडवले, रस रांजणात भरला. माघात प्रत्येकाला दोन द्रोण मिळाले. दोन पिऊनही कोणाची थंडी गेली नाही. पण बोललं कोणी नाही. आपणच मागितलेलं होतं ना! तळाची चार बोटं मात्र म्हातारीने राखली. त्याबाबतीत वाद घालायची कोणाची हिंमत झाली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस श्रावणात जरा डोकावला आणि गेला. पौष लागेपर्यंत ओढा आटला, पाट भेगाळला. सहाही वेलींची नवी मुळं केसांसारखी वरच्या मातीत पसरली होती. तिथेच ती भाजली. पानं वळली, हिरवे घड देठाशीच सुकले. वानर लांबच्या डबक्यावरून द्रोणात पाणी आणत राहिला. पळताना अर्धं सांडायचं, उरलेलं माती पिऊन टाकायची. तीन दिवस तो जेवला नाही. हे सांगायलाच हवं, कारण पोर वाईट नव्हतं, घायकुतं होतं. चौथ्या दिवशी त्याने एक काडी मोडून पाहिली. आत तपकिरी भुसा.

सातवी वेल हिरवी होती. तिला सात घड होते.

म्हातारी येऊन त्याच्याशेजारी बसली. वानराला वाटलं, आता पंजा. तो डोळे मिटून म्हणाला, "मार, मावशी."

"मारून काय त्यांना पालवी फुटणार आहे? चल, तुला काहीतरी दाखवते."

तिने त्याला उताराखाली नेलं. तिथे कधीतरी दरड कोसळली होती आणि डोंगराचं पोट उघडं पडलं होतं. खडकाच्या फटीतून एक मूळ बाहेर आलं होतं, वानराच्या दंडाएवढं जाड. थोडं पुढे जाऊन ते दुसऱ्या फटीत शिरलं होतं. वानराने हात लावला. एवढ्या उन्हात ते गार होतं.

"सातवीचं?"

"सातवीचं."

"इथून कुठवर गेलंय?"

"मला ठाऊक नाही. आजीलाही ठाऊक नव्हतं."

वानराने दुसराही हात त्या मुळावर ठेवला.

सात घडांचा रस तळाच्या चार बोटांवर ओतला, तर जेमतेम वीतभर झाला. चैत्रात छाटणी झाली. छाटलेल्या काड्या वानराने एकेक उचलल्या आणि सहा खड्डे घेतले.

"दोन डोळे मातीत, दोन वर," म्हातारी म्हणाली.

"आणि पाणी?" त्याने घाबरत विचारलं.

"आता दे. लेकराला दूध देतातच. पुढे एखादा दिवस चुकव, मग आठवडा, मग महिना. मग तिची तिला शोधू दे."

"मला असे मणी कधी खायला मिळतील?"

"म्हातारपणी. तेवढा जगलास तर."

माघ आला तसे सगळे द्रोण घेऊन आले, पण डुकरासकट मान खाली घालून. प्रत्येकाच्या वाट्याला एकेक घोट आला. तेवढ्या घोटाने कान गरम झाले. वानर लांब दगडावर बसला होता, रिकाम्या हातांनी.

"ए लांबशेपट्या, तुझा द्रोण कुठाय?"

"मावशी, माझ्यामुळेच तर..."

"ते सगळ्या रानाला ठाऊक आहे. पान आण."

तो प्यायला आणि रडला. मग म्हातारीने झाकण लावलं. साळिंदर म्हणालं, "मावशी, तुझा घोट राहिला की!"

"तळाला आहे तो माझाच. पुढच्या वर्षी घेईन."

पुढच्या वर्षीही तिने असंच म्हटलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. आणि एका वर्षी म्हातारी राहिली नाही.

सहा वेली आता चांगल्या गाठाळ झाल्यात. घड दहा-बाराच लागतात. रांजणाशी बसतो तो वानर म्हातारा आहे, चिडका आहे, दुसरा द्रोण मागणाऱ्याच्या पाठीत शेपूट हाणतो. परवाच्या माघात एक आगाऊ खार रांजणाच्या काठावर चढून आत डोकावली आणि म्हणाली, "बाबा, तळाला अजून चार बोटं आसव आहे. तुम्ही तर प्यायलाच नाहीत. घ्या की!"

"उतर खाली," वानर म्हणाला. "त्यात मावशीचा घोट आहे."

आणि त्याने झाकण लावलं.

तात्पर्य : जुन्याची मुळं कुठवर गेलीत ते बघितल्याशिवाय तिथे कुदळ मारू नये. आणि आपल्याला मिळालेलं भांडं तळापर्यंत पिऊ नये. आपल्यामागून येणाऱ्याचा रस त्या तळावरच चढायचा असतो.