नऊ गाठींची बंदूक

एका राज्यात दोरी लावत ती फक्त मेलेल्या माणसाला. तिरडीचा बांबू किती लांब तोडायचा, ते ठरवायला. जिवंत अंगाला कुणी माप लावायचं नाही, आणि राजाच्या अंगाला तर नाहीच नाही. शिंप्यानं नुसतं बघून कापड कापायचं, चांभारानं जुन्या जोड्यावरून नवा जोडा शिवायचा. सदरा ढगळ व्हायचा, जोडा चावायचा. पण सगळ्यांचाच चावायचा, म्हणून कुणी बोलायचं नाही.

त्या राज्याचा राजा धवलसेन. राणी बाळंतपणात गेलेली, मागं एकच लेक, शेवंती, नऊ वर्षांची. राजा दरबारात वाघ आणि लेकीपुढं कोकरू. चालायला यायच्या आधीपासून ती बापाच्या उजव्या खांद्यावर बसायची. बागेत जायचं तर खांद्यावर, हत्ती बघायचा तर खांद्यावर. चालायला लागली तरी उतरली नाही.

सिंहासनाच्या पाठीत एक पाचू होता, पेरूएवढा. राजाच्या आजानं तो डोंगरातल्या धूम्रनाथ जादूगाराच्या गुहेतून आणला होता. मागून नव्हे, उचलून. तेव्हा धूम्रनाथ एवढंच म्हणाला होता, "तुझ्या नातवाच्या घरात जे सगळ्यात मऊ असेल, त्याचा दगड होईल."

आजा हसला, म्हातारा होऊन मेला. त्याचा लेक राजा झाला, तोही गेला. मग धवलसेनाच्या राज्यात एके दिवशी भर दुपारी पाचू सिंहासनातून उडी मारून खाली आला. पायऱ्या उतरला, वेशीतून गडगडत गेला आणि बाहेर उभ्या असलेल्या एका काळ्या रानडुकराच्या कपाळावर जाऊन बसला. मागं धावत आलेल्या राजाशी डुक्कर बोलू लागलं.

"धवलसेना, ऐक. तीन अवसांना तिसऱ्या प्रहरी मी काळडोहावर लोळायला येईन. ज्याच्या आजानं पाचू उचलला, त्यानंच तो गोळीनं फोडायचा. एका अवसेला एक गोळी. फुटला तर तुझं मऊ तुला. तिन्ही चुकल्या तर ते माझ्या धन्याचं."

एवढं बोलून ते गेलं. इकडं शेवंती झोपाळ्यावर बसली होती, तिची दोन्ही पावलं दगडाची झाली.

पहिल्या अवसेला राजा आजाची बंदूक घेऊन गेला. बंदूक चांदीनं मढवलेली, चापाच्या घोड्यावर मोर कोरलेला. गोळी पाचूपासून वीतभर लांबून गेली आणि पलीकडचा एक बगळा उगाच घाबरला. राजा घरी आला तो शेवंती कमरेपर्यंत दगड.

ती म्हणाली, "बाबा, आता मला ठेच लागायची नाही."

राजा तिच्यापुढं हसला. बाहेर येऊन त्यानं प्रधानाला विचारलं, "राज्यात उत्तम बंदूक कोण करतं?"

प्रधानाचं तोंड आंबट झालं. म्हणाला, "नदीकाठची चिमाक्का लोहारीण. पण बाई फटकळ आहे, महाराज."

"बंदूकही फटकळच हवी," राजा म्हणाला, आणि निघाला.

चिमाक्का साठीची. हात असे की निखारा उचलून जागेवर ठेवायची आणि मग आठवलं तर फुंकर घालायची. राजा दारात उभा राहिला तरी तिचा घण थांबला नाही. लोखंड काळं पडलं तेव्हा तिनं वर बघितलं.

"मला उत्तम बंदूक हवी," राजा म्हणाला.

"कुणासाठी उत्तम?"

"म्हणजे?"

"बंदूक म्हणजे कढई नव्हे, महाराज, की घरात कुणीही उचलावी. ती एकाच माणसाची होते. काय मारायचंय, किती लांबून, कुठं उभं राहून, ते आधी सांगा. लोखंडाचं मग बोलू."

राजानं सगळं सांगितलं. मध्ये डोहाचं पाणी, नव्वद पावलांचं. अलीकडं कमरेएवढं लव्हाळं, म्हणून बसता येत नाही, बंदूक कशावर टेकवताही येत नाही. आणि गोळी एकच.

चिमाक्कानं राख पसरली आणि तीत बोटानं बंदूक काढली. पुसली, पुन्हा काढली. तीन वेळा पुसली.

"नळी दोन हात आणि चार बोटं. जास्त नको, उभ्या माणसाचे हात पुढच्या ओझ्यानं कापतात. नळीच्या आत पिळाचे आटे पाडीन. गोळी भोवऱ्यासारखी फिरत जाईल, पाण्यावरचा वारा तिला हलवणार नाही. चांदी नाही, मोर नाही. उन्हात चमकलं की जनावर सावध होतं. मला तीन गोष्टी आणून द्या. लोखंड, लाकूड आणि माप. तिन्ही तुम्हीच आणायच्या."

"लोखंड कुठलं?"

"घोड्यांच्या नालांचे झिजलेले खिळे. दगडधोंड्यांवर चालून चालून त्यातला ठिसूळपणा गळून गेलेला असतो, उरतं ते चिवट. बारा वाटांचे घोडे बघा."

राजा बारा वाटांना फिरला. तबेल्यात वाकला, खूर हातात धरले, नालबंदांच्या शिव्या ऐकल्या, कारण वाकलेल्या राजाला ओळखणार कोण. पोतंभर खिळे घेऊन आला. चिमाक्कानं ते भट्टीत घातले तसे ते खिंकाळले. घोड्यांचेच ते, खिंकाळणारच. तिनं त्यांची पट्टी केली, पट्टी सळईवर गुंडाळली, ठोकून ठोकून एक केली. नळी झाली तेव्हा तिच्या अंगावर नदीच्या वाळूसारख्या लाटा उमटल्या होत्या. असं काम आता कुठं बघायला मिळायचं. तिनं नळीत एक डोळा लावला आणि दिवसभर आत बघत राहिली. संध्याकाळी म्हणाली, "सरळ आहे."

"लाकूड कुठलं?"

"शिसवाचं. पण तोडलेलं नको. स्वतःहून पडलेलं, चाळीस पावसाळे उन्हापावसात मुरलेलं. मुळाजवळचं आणा, तिथं रेषा वळते. वळणातला दस्ता, खांद्याला टेकतो तो, धक्क्यानं फुटत नाही."

राजा रानात गेला. तिथं एक सुतारपक्षी होता, डोक्यावर लाल तुरा.

पक्षी म्हणाला, "कोण तू?"

"मी धवलसेन, या राज्याचा. मला मुरलेलं शिसव हवं."

"झाडांना ते कळत नाही. मी चोच मारतो, तू कान लाव."

राजानं पहिल्या ओंडक्याला कान लावायला मान वाकवली, तर मुकुट लाकडावर आपटला.

"तो आवाज तुझ्या डोक्याचा झाला," पक्षी म्हणाला. "काढ ते."

राजानं इकडं तिकडं बघितलं. कुणी नव्हतं. मुकुट काढला. पहिला ओंडका भद्द वाजला, आत वाळवी. दुसरा टक वाजला, आत ओल. तिसऱ्यावर चोच पडली आणि देवळातली घंटा लांबून ऐकू यावी तसा नाद आला. राजानं तो खांद्यावर वाहून आणला. चिमाक्कानं लाकडाला नाक लावलं आणि पहिल्यांदा हसली.

"आता माप," ती म्हणाली. "बसा इथं. दोरी लावते."

राजा दोन पावलं मागं सरला. सोबत आलेला प्रधान मध्ये आला. "बाई, शुद्ध आहे का. जिवंत राजाला दोरी?"

"मग दस्ता कशावरून बेतू?"

राजा म्हणाला, "मी हुबेहूब माझ्या आजासारखा आहे, सगळे म्हणतात. त्यांचा अंगरखा पाठवतो."

"अंगरखा नेम धरत नाही, महाराज."

"माझी आज्ञा आहे."

चिमाक्कानं हातोडा खाली ठेवला, मग परत उचलला. अंगरख्यावरून माप घेतलं, दस्ता कोरला, जवसाचं तेल चोळून चोळून तो पिकल्या चिंचेच्या रंगाचा केला. बंदूक अशी झाली की बघणारा आपोआप हळू बोलायला लागावा. उचलली की वजन हातात नाही, हवेत आहे असं वाटायचं. चाप असा की नुसतं मनात आणावं आणि तो सुटावा.

दुसऱ्या अवसेला राजा लव्हाळ्यात उभा राहिला. डुक्कर आलं, लोळलं, उभं राहिलं. राजानं चाप ओढला. गोळी भोवऱ्यासारखी फिरत गेली, वाऱ्याला जुमानली नाही, आणि डुकराच्या कानाचं टोक घेऊन गेली. पाचू तसाच.

डुकरानं कान झटकला. "बंदूक फार चांगली आहे, राजा. कुणाची आहे?"

राजानं बंदूक खाली घेतली आणि घरी वळला.

घरी शेवंती गळ्यापर्यंत दगड झाली होती. हातही दगडाचे, झोपाळ्याच्या कड्या धरलेले.

"बाबा, लागली का?"

"कानाला लागली."

"म्हणजे जवळ आलं," ती म्हणाली. "आता तुमचं डोकं थोडं खाली आणा. मला मान वर करता येत नाही, तुमचा टिळा दिसत नाही."

राजानं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं, आणि तसाच उठून नदीकाठी गेला. प्रधान मागं धापा टाकत.

"तुझी बंदूक चुकली," राजा म्हणाला.

"बंदूक चुकली नाही. तुमच्या आजोबांनी मारली असती तर बरोबर लागली असती. ते आहेत का मारायला?"

राजा लोखंडाच्या ऐरणीशेजारी जमिनीवर बसला. मुकुट काढून कोळशाच्या ढिगावर ठेवला.

"लाव दोरी."

प्रधान गुडघ्यावर आला. "महाराज, दोरी लागली की राजा मेला. रीत आहे. उद्यापासून मला तुम्हाला सिंहासनावर बसू देता येणार नाही."

"उद्याचं उद्या. लाव, चिमाक्का."

चिमाक्कानं सुतळी काढली. पहिली गाठ, तर्जनी किती लांब. दुसरी, तळहात किती रुंद. तिसरी, कोपराच्या घडीपासून चापाच्या बोटापर्यंत. हातातली बांगडी काढून तिनं राजाला दिली. "दोन्ही डोळ्यांनी यातून घण बघा. आता डावा मिटा. घण हलला का?" "नाही." "म्हणजे उजवा डोळा खरा." चौथी गाठ डोळ्याची, पाचवी गालाच्या हाडाची, सहावी मानेची. मग ती मागं गेली आणि खांद्यांवर दोरी धरून उभीच राहिली.

"उजवा खांदा दोन बोटं खाली आहे. मानही डावीकडं कलते. तुमच्या आजोबांच्या अंगरख्यात हे नव्हतं. लहानपणी पडला होतात?"

"नाही."

"मग कशानं उतरला?"

राजानं उजव्या खांद्यावर हात ठेवला. "तिथं माझी लेक बसते," तो म्हणाला.

त्या खांद्याच्या चिमाक्कानं तीन गाठी मारल्या, सातवी, आठवी, नववी. मग रंधा घेऊन बसली. सुंदर दस्ता होता, तेल पाजलेला, तो तिनं परत उघडा केला. बापाच्या खांद्यावर नऊ वर्षांच्या पोरीनं जेवढी जागा केली होती, तेवढा उतार लाकडाला दिला. गालापाशी दोन बोटं वळवला. तासायची, राजाच्या खांद्याला लावून बघायची, परत तासायची. जितकं काढलं तितकी ती बंदूक राजाची होत गेली.

"डोळे मिटा," शेवटी ती म्हणाली. "बंदूक खांद्याला लावा. आता उघडा."

राजानं डोळे उघडले. नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी बरोबर डोळ्यासमोर होता. मान वळवावी लागली नाही, काही शोधावं लागलं नाही.

तिसरी अवस. डोहावर राजा, त्याच्या मागं चिमाक्का, तिच्या मागं तिरडीवरचं पांढरं कापड घेऊन प्रधान. शेवंतीचे ओठ सकाळीच दगडाचे झाले होते. फक्त डोळे उरले होते.

डुक्कर आलं. लोळलं, उभं राहिलं, नव्वद पावलांवरून बोललं.

"आज बंदूक कुणाची, राजा?"

"माझी," धवलसेन म्हणाला, आणि चाप ओढला.

पाचू फुटला. त्याचे तुकडे डोहात पडून विरघळले, म्हणून ते पाणी हिरवं आहे. डोंगरातल्या धूम्रनाथाच्या गुहेतून एक धुराचा लोट निघाला आणि परत काही निघालं नाही. डुक्कर साधं डुक्कर झालं, बिचकलं आणि झाडीत पळालं.

वाड्यात शेवंतीच्या बोटांतून झोपाळ्याच्या कड्या सुटल्या. ती धावत निघाली आणि उंबऱ्यालाच ठेचकाळली. अंगठा धरून रडायला लागली. राजाला वाटेवरूनच ते रडू ऐकू आलं, आणि असं गोड काही त्यानं आयुष्यात ऐकलं नव्हतं.

पण सिंहासनापुढं प्रधान आडवा आला, हात जोडून. "महाराज, दोरी लागलेला माणूस आमच्या लेखी मेलेला. माझा इलाज नाही."

राजा म्हणाला, "ठीक आहे. मेलेल्यानं आपलं काम केलं." तो लेकीचा हात धरून वळला.

शेवंती वळली नाही. डोहावरून सोबत आलेल्या चिमाक्कापुढं जाऊन उभी राहिली. "मलाही लाव. बाबा मेले असतील तर मला त्यांच्याकडंच राहायचंय."

चिमाक्कानं तिला दोरी लावली, पायापासून डोक्यापर्यंत. सगळे ती पडते का बघायला लागले. पोर तशीच उभी, गाल लाल, अंगठ्यातून रक्त येतंय. मेलेल्याला कुठं रक्त येतं.

"प्रधानजी," ती म्हणाली, "हिच्या मापानं बाबांची बंदूक नीट झाली. तुमचा जोडा चावतो ना? तुम्ही लंगडता, मी रोज बघते."

प्रधानानं खाली बघितलं. हळूच जोडा काढला. टाचेला जुना, काळा पडलेला घट्टा होता. तो थोडा वेळ तसाच एका पायावर उभा राहिला.

"चिमाक्का," तो अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "माझ्या पायाचं तेवढं बघता का?"

दरबार हसला, राजा परत सिंहासनावर बसला, आणि पांढरं कापड कुठं पडलं ते कुणी बघितलं नाही. त्या दिवसापासून राज्यात जोडे चावेनासे झाले. पाचूच्या रिकाम्या खाचेत चिमाक्काची नऊ गाठींची सुतळी टांगली. नवा राजा बसायचा तर आधी त्याला दोरी लावतात, मग मुकुट. ती बंदूक भिंतीवर आहे. अनेकांनी खांद्याला लावून बघितली, कुणालाच बसत नाही. दस्त्यावर एका पोरीची जागा आहे ना, ती भरणार कशी.

त्या लेकीच्या गार बोटांत जशी ऊब परतली, तशी ती ऐकणाऱ्यांच्या आणि सांगणारीच्या घरी नांदो. आमची गोष्ट इथं खांद्यावरून उतरली.