निजलेला नारळ

राजे रणधवल यांनी सिदू कोळ्याचं घर पाडायचा हुकूम दिला. सिदू गडावरचा पाणभऱ्या. त्याच्या चुलीखाली गंगा आहे, असं भुजंगबुवा पाणाड्याच्या नारळाने सांगितलं होतं.

राजाला बागेसाठी विहीर हवी होती. बुवा तळहातावर आडवा नारळ घेऊन गडभर फिरत. नारळ उभा राहील तिथे पाणी. याआधी तो तीनदा उभा राहिला, तीन खड्डे खणले, तिन्ही कोरडे. कधी कुणी शिंकलं म्हणून पाणी पळालं, कधी मांजर आडवं गेलं म्हणून. बुवांची दक्षिणा मात्र कधी पळाली नाही.

सिदूची मुलगी येसू तडक दरबारात आली आणि बुवांकडे बोट दाखवून म्हणाली, हा ठक आहे. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, असं म्हातारे दिवाणजी खेकसले.

"मोठ्या तोंडांनी तीन खड्डे गिळले, दिवाणजी. तेव्हा ठसका लागला नाही तो?"

राजा हट्टाला पेटला. ठक असेल तर आत्ता सिद्ध कर, म्हणाला, पण कुदळ न लावता. नाही जमलं तर घर स्वतःच्या हाताने पाडायचं.

येसूने बुवांना विचारलं, नारळाला उभं राहायला पाणी किती लागतं? बुवा फुगले. वाहतं असो, साठलेलं असो, घागरभर असलं तरी पुरे!

"मग महाराजांच्या सिंहासनाखाली बघा की."

बुवांनी मनात हिशेब केला. नारळ उभा केला तर सिंहासन उखडणार, आणि खाली कातळ निघाला तर मान जाणार. त्यांनी सिंहासनाभोवती तीन फेऱ्या मारल्या. नारळ आडवाच.

"थेंब नाही, महाराज. अखंड कातळ."

येसू शेजारच्या मुदपाकखान्यात गेली, कोपऱ्यातली फरशी सरकवली, दोर सोडला आणि भरलेली घागर राजापुढे आणून ठेवली.

"आपल्या आजोबांनी खोदवलेलं टाकं, महाराज. वर दरबाराची फरशी घातली आणि आम्हा पाणभऱ्यांखेरीज सगळे विसरले. सिंहासन त्याच्या बरोबर मधोमध आहे. गडावरचं सगळ्यात मोठं पाणी आपल्या पायांखाली, आणि बुवांचा नारळ घोरतोय."

राजा आधी घागरीकडे बघत राहिला, मग इतका हसला की मुकुट सावरावा लागला. निसटू पाहणाऱ्या बुवांना पहारेकऱ्यांनी धरलं. राजाने येसूला सांगितलं, तुझं घर तुला बक्षीस.

"घर आमचंच होतं, महाराज. ते बक्षिसात कसं धरता?"

राजा पुन्हा हसला. पाण्याची पखाल वाहायला एक तरणाबांड बैल घेऊनच येसू घरी गेली.