वाघाची आतली बाजू

फार जुनी गोष्ट. डोंगरांना अजून नावंही पडायची होती.

त्या डोंगरांत एक पाडा होता. पाड्याची रीत अशी, की सणाच्या संध्याकाळी वाघाचं सोंग जाळाभोवती फेरा पुरा करी, मगच माणसं जंगलात पाऊल टाकत. फेरा मोडला, तर वर्षभर ना मध, ना कंद, ना लाकूड.

त्या वर्षी वाघाचा जुना मुखवटा तडकला. नवा करायचं काम लखमाकडे आलं. लखमाच्या हातात जादू होती, आणि ती त्याला जरा जास्तच ठाऊक होती! त्याने पांगाऱ्याचं लाकूड आणलं, दात कोरले, मिशा कोरल्या, पट्टे रंगवले. पाहणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. लखमाच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

वाघ नाचवणाऱ्या भिवाआजाने मुखवटा चढवला, दोन पावलं टाकली आणि ठेचकाळला. मुखवटा काढला, तर गाल खरचटलेले.

"लखमा, मला काहीच दिसं ना रं."

"आजा, ह्याला बघाया लांबलांबची माणसं येतील!"

"येऊ देत की. पण वाघ काय बघंल?"

लखमाचं तोंड एवढंसं झालं. रागारागाने त्याने जुना मुखवटा उचलला, स्वतःच्या तोंडावर धरला, आणि जागीच थिजला.

आतलं लाकूड जुन्या उंबऱ्यासारखं गुळगुळीत होतं. किती पिढ्यांचे गाल तिथे टेकले होते, किती जणांचा घाम त्यात मुरला होता! डोळ्यांच्या भोकांतून रोजचंच अंगण दिसत होतं, पण शेळ्या, पोरं, सगळी जीव मुठीत धरून त्याच्याकडेच बघत होती. कुणी कोरलं असेल हे? त्याने मनोमन हात जोडले.

मग डोळे मिटून त्याने आजाचा चेहरा बोटांनी चाचपला. कपाळ, गालाची हाडं, नाकाचा बाक. त्याच मापाने नव्या मुखवट्याचं आतलं लाकूड तासलं. डोळ्यांची भोकं रुंद करताना रंगवलेले पट्टे उडाले, एक मिशीही गेली. पुन्हा रंगवायला वेळ उरला नव्हता.

सणाच्या संध्याकाळी जाळ पेटला, ढोल वाजले. तो ओबडधोबड वाघ पुढे आला आणि मान वळवून एकेकाकडे बघू लागला. पोरं आयांना बिलगली. ढोलवाल्याचा हात अडखळला. वाघ लखमासमोर येऊन उभा राहिला, तेव्हा ज्याने त्याला घडवलं, त्याचीच पाचावर धारण बसली. आत भिवाआजा आहे, हे त्याला आठवेचना. त्याने भुईला डोकं टेकलं.

फेरा पुरा झाला. सकाळी सगळा पाडा जंगलात गेला.

म्हणून पोरांनो, आणि थोरांनोही, ध्यानात ठेवा: कामाची जी बाजू कुणाला दिसत नाही, तिच्यातच त्या कामाचा जीव असतो.