आडवणच्या शिवेवरचा पाठमोरा नैवेद्य

आडवणची शीव जिथे संपते, तिथे व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर एक काळी सपाट शिळा आहे. तिच्यावर भात ठेवायचा आणि पाठ फिरवून उभं राहायचं, अशी इथली रीत आहे. पाहुण्यांना आधी हसू येतं. येऊ दे. पलीकडचा अर्धा तुटलेला डोंगर दाखवला, की ते आपोआप गप्प होतात.

त्या डोंगराखाली पूर्वी हेळवाडी होती; व्हाळावरचा साकव, म्हणजे लाकडी पूल, ओलांडून तिथे जायचं. एका श्रावणात पाऊस मागे हटायचं नावच घेईना, आणि ऐन सकाळी तो डोंगर वाडीवर उतरला म्हणे. आवाज असा झाला, की आडवणच्या चुलींवरची भांडी कलंडली. लोक अंगणात धावले, तर समोर हिरवं काहीच उरलं नव्हतं, नुसती लाल माती. दुपारपर्यंत आडवणच्या विहिरींचं पाणीसुद्धा लाल झालं. मग साऱ्यांनी एकदमच आपल्या डोक्यावरच्या डोंगराकडे पाहिलं.

सोनू गावकर हा गावाचा मानकरी. देवापुढे गावाचं गाऱ्हाणं तोच घालायचा. त्याने सगळ्यांना शिळेजवळ जमवलं आणि सांगितलं, "डोंगराचो राखणदार देवचार जागो झालो हा. तेका भूक लागली. घराघरातसून भात आणा, हय ठेवा नि चालू पडा. कोणीव मागे बघूचा नाय. साकव तर कोणीव ओलांडूचो नाय. जो थय जायत, तेच्या पावलांवरसून तो गावात येतलो."

लोकांनी चांगल्यातला चांगला तांदूळ शिजवला. भीती माणसाचा हात किती सैल करते ते त्या दिवशी दिसलं. केळीच्या पानांनी शिळा भरली. पलीकडे मात्र कुठे चुलीचा धूर दिसत नव्हता.

आणि मग पलीकडून साद आली. "आये गे! आये!"

गर्दीत येसू उभी होती. तिची एकुलती एक लेक रखमा हेळवाडीत दिलेली. आवाज रखमाचाच होता. येसूचा पाय पुढे पडला तशी शेजारणीने तिचा दंड धरला. "ओ देऊ नको गे! मेलेल्यांच्या आवाजात तोच बोलयता."

लोक घरी परतले, दारांना अडसर लागले. येसूही परतली, पण तिला चुलीपुढे बसवेना. लेक जिवंत असेल तर उपाशी आहे. जिवंत नसेल तर आपल्याला कोण बोलावतंय? दिवस मावळायच्या आत ती वेताची पाटी घेऊन बाहेर पडली. शिळेवरचा देवाचा भात तिने पानांसकट पाटीत भरला, उरलेला ओटीत घेतला. देवाच्या पानातलं उचलताना तिला वाटलं, आता हात झडणार. हात झडला नाही, तशी तिने पुढचं पान उचललं.

साकव म्हणजे दोन ओंडके. खाली लाल पाणी घुसळत होतं, त्यातून कुणाच्या तरी घराचं दार वाहत गेलं. पलीकडे पोचल्यावर कड्याच्या आडून चिखलाने माखलेलं काहीतरी उठलं. त्याला डोळे होते, बाकी माणसाचं काही ओळखू येत नव्हतं. "आये," ते म्हणालं.

येसूला पुढे जाण्याचा धीर झाला नाही आणि पळण्याचाही झाला नाही. तिने पाटी खाली ठेवली, पाठ फिरवली आणि डोळे घट्ट मिटले. मागे पानं वाजली. भात खाल्ल्याचा आवाज आला. एकाचा नव्हे, अनेकांचा. कुणालातरी ठसका लागला. तिने घाबऱ्या आवाजात विचारलं, "जेवलंस मा?"

तिच्या खांद्यावर एक हात पडला. तो ऊन होता.

सकाळी रिकामी शिळा पाहून गाव हरखलं. देवाने मान घेतला म्हणून सोनू गावकराने नारळ हातात घेतला. तेव्हा येसू पुढे आली. "देवान नाय," ती म्हणाली, "माझ्या चेडवान खाल्ल्यान. थय माणसा आसत. जिती आसत, पण जखमी आसत, चालूक जमणा नाय. आणि साकव आता फार वेळ टिकूचो नाय."

लोक तिच्यापासून मागे सरकले. हिच्या पावलांवरून देवचार आलाच, असं प्रत्येकाला वाटलं. गावकरालाही नारळ फोडवेना. तोही माणूसच, त्यालाही घर होतं, नातवंडं होती. तेवढ्यात पलीकडून पुन्हा साद आली, आणि या वेळी तीत बरेच आवाज होते.

गावकराने शिळेकडे पाठ केली आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, तुझो मान आमी ठेवलेलो आसा. आमी पाठ फिरवन उबे आसव. मागसून जो कोण जेवता, तो तूच, असा आमी समाजतो. जेवणाऱ्याची आणि वाढणाऱ्याची राखण कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," आधी एकटी येसू म्हणाली. मग दुसरं कुणी, मग सगळे.

त्याच दिवशी आडवणचे लोक पाट्या घेऊन साकव ओलांडून गेले आणि हेळवाडीची माणसं आपल्या घरांत घेऊन आले. शेवटचं माणूस अलीकडे आलं आणि साकव गेला, असं सांगतात. वरचा डोंगर उतरला नाही. का उतरला नाही, ते कुणाला ठाऊक नाही, आणि तो उतरणार नाही असंही कुणी म्हणत नाही. पाऊस लागला की त्याची भेग अजून दिसते.

आजही कुठे पूर आला, भूकंप झाला, की आडवणमध्ये घराघरांतून तांदूळ, कपडे, भांडी निघतात. ती घेऊन जायला टेम्पो येतो, पण सारं आधी शिळेवर ठेवतात, भाताच्या पानासकट, आणि गाव पाठ फिरवून उभं राहतं. मागे पान वाजलं की आजही अंगावर काटा येतो. आता खांद्यावर हात पडणार, असं प्रत्येकाला वाटतं. पडलाच तर तो ऊन असू दे, एवढंच मग जो तो मनात म्हणतो.