तांबडा बाण

"मग त्या बाणाबद्दल मुलांना विचारलंस की नाही?"

मठाच्या स्वयंपाकघरात पाट्यावर चटणी वाटता वाटता अप्पामहाराजांनी विचारलं आणि हरिहर टेंबे एकदम गप्प झाले.

तोवर ते भरभरून बोलत होते. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी शाळांसाठी एक चष्मा तयार करवून घेतला होता. तो लावला की समोरची वस्तू तर दिसायचीच, शिवाय तिला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षणही दिसायचं, तांबड्या बाणाच्या रूपात. चाचणीच्या दिवशी मुलं बाकांवर चढून नाचली होती. उद्या तालुक्यातले शिक्षक तो बघायला शाळेत जमणार होते.

"विचारलं एका मुलीला," हरिहर हळूच म्हणाले. "हा बाण म्हणजे काय, म्हटलं."

"काय म्हणाली?"

"तांबडा."

अप्पांना हसता हसता ठसका लागला. "खोटं नाही बोलली पोर."

"हसू नका, अप्पा. तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. एवढं शिकून मी नुसतं खेळणंच केलं का? उद्याचं रद्द करू?"

अप्पांनी वाटणं थांबवलं. चष्मा लाव, म्हणाले. मग, डोळे मीट. मग, हात पुढे कर.

हरिहरांच्या तळव्यावर काहीतरी गार, ओलं टेकलं... आणि हात झपकन खाली गेला. त्यांनी तो कसाबसा सावरला.

"काय झालं?"

"जड आहे."

"धरून ठेव."

मिरचीचा वास नाकात शिरला. मनगट थरथरू लागलं, खांद्यात कळ आली.

"हं. आता बघ."

हरिहरांनी डोळे उघडले. हातात वरवंटा होता आणि त्याच्याखाली तांबडा बाण. हजारदा पाहिलेला, स्वतः आखलेला.

"अप्पा," ते बाणाकडे बघत म्हणाले, "हा... हा ओढतोय मला."

आणि म्हातारपणी कुणी हसू नये तसे ते हसत सुटले. सकाळी लवकर निघायला हवं, शिक्षकांना आधी डोळे मिटायला लावायला हवं, असं काहीबाही पुटपुटत उठले, नमस्कार करायचा विसरले आणि तरातरा मठाच्या पायऱ्या उतरू लागले.

"हरिहरा," मागून अप्पांची हाक आली, "वरवंटा ठेवून जा. दगड तिथलेही जडच असतात."